सतरा नंबरची पिन आणि आत्यांचं लुगडं

आप्पा, दहाव्याला कावळा एवढ्या घाईने का पाठवलात?

सावित्री नदीच्या काठावर आम्ही सगळे तयारीनिशी उभे होतो. तुमच्या एकुलत्या एका चिरंजीवांनी, म्हणजे सुहासने, मनात तीन आश्वासनं जुळवून ठेवली होती. गावच्या, म्हणजे कापड्याच्या, घराची कौलं चाळून घेऊ, आत्यांकडे महिन्यातून एकदा तरी जाऊ, आणि तुमची सायकल भंगारात देणार नाही. माझ्याकडे एकच आश्वासन होतं. पण ते चारचौघांत म्हणणं अवघड होतं, म्हणून मी मुद्दाम शेवटचा नंबर धरला होता. मला वाटलं, तुम्ही अर्धा तास तरी ताटकळत ठेवाल, नातेवाईक उन्हाने हैराण होऊन सावलीला जातील, आणि मग मी हळूच बोलून घेईन. कसलं काय! गुरुजी पिंड ठेवून मागे सरकताहेत तोवर कावळा आला, भाताचं मोठं ढेकूळ उचललं आणि गेलाही. ताट वाढलेलं दिसलं की तुम्हाला जन्मात कधी धीर धरवला नाही, तो तिथेही धरवला नाही.

"काही म्हणून मागे राहिलं नव्हतं हो त्यांचं. तृप्त माणूस," असं सगळे म्हणाले. मी मान डोलावली. तुमचं एक मागे राहिलं होतं, आणि ते माझ्यामुळे राहिलं होतं, हे त्या घोळक्यात फक्त मला माहीत होतं. तेव्हापासून माझं ते न बोललेलं वाक्य तसंच राहिलंय. म्हणून आता लिहूनच सांगते. तुम्ही मध्ये मध्ये बोलू नका, म्हणजे माझं सांगून होईल.

सासूबाई गेल्यावर तुम्ही कापडं गाव सोडून आमच्याकडे महाडला राहायला आलात, तेव्हा मला थोडी धास्ती होती. चौतीस वर्षं वीज खात्यात लाइनमन म्हणून पोलादपूर तालुक्यातले खांब चढलेला माणूस दोन खोल्यांत काय करणार? मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते, दिवसभर खोलीत, कॉम्प्युटरसमोर. पहिल्याच आठवड्यात तुम्ही चवदार तळ्याकडची फेरी आटोपून आलात आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिलात.

"काय करतेस गो दिवसभर?"

"पिना कुठे काय करतात ते सांगते, आप्पा."

"कोणाला?"

"कॉम्प्युटरला."

"त्याला सोताच्या पिना ठाव नायत?"

"नाहीत."

"मग आनलाच कशाला असला?"

मी हिरिरीने समजवायला लागले. पत्त्यांच्या कॅटाएवढा एक बोर्ड असतो, त्याच्या कडेला पिनांची रांग असते. प्रत्येक पिनेला तिचं काम नेमून द्यावं लागतं: ही बोलणार, ही ऐकणार, आणि ऐकणारीच्या कानावर काहीच पडत नसेल तेव्हा तिने 'नाही' समजायचं की 'हो'. हे नेमून देण्याचा एक तक्ता असतो. कॉम्प्युटरच्या सगळ्यात तळाशी जो प्रोग्रॅम चालतो, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याच्या आत त्या त्या बोर्डाचा एक ड्रायव्हर असतो, आणि त्याच्या पोटात हा तक्ता. तक्त्यात एक ओळ चुकली की एखादी पिन वाऱ्यावर सुटते. तिला आम्ही तरंगती पिन म्हणतो. असल्या चुका शोधून दुरुस्त करणं, हे माझं पोट भरण्याचं साधन.

तुम्ही चहाचा कप टेबलावर ठेवलात. मग म्हणालात, "म्हंजे न्यूट्रल सुटल्यासारखं. दाव्याला न बांधलेली म्हस. जिकडं हिरवं दिसंल तिकडं जायची." मला कॉलेजात हे समजायला अख्खी टर्म लागली होती. तुम्ही चहा निवायच्या आत समजून घेतलंत आणि वर "एवढंच ना?" असंही म्हणालात. त्या "एवढंच ना"चा मला आलेला राग मी पुढे वर्षभर वापरला.

भोंग्याची कल्पना तुमची. तळीये गावावर दरड कोसळली तेव्हापासून कापड्याच्या वरच्या वाडीतली माणसं पावसाळ्यात डोंगराकडे बघत जेवायची. ओढ्याचं पाणी एकदम चढलं किंवा गढूळ झालं की उठून खाली शाळेत जायचं, हे ठरलेलं होतं. पण ओढ्यावर सतत लक्ष ठेवणार कोण? वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने सामान दिलं, तुम्ही वायर ओढली आणि मी बोर्ड बसवला. टाकीत असतो तसला फ्लोट ओढ्याच्या कडेला. त्याची लांब केबल वर आत्यांच्या अंगणाशेजारच्या खांबापर्यंत. खांबावर छातीच्या उंचीला पेटी, पेटीत बोर्ड, आणि डोक्यावर भोंगा. पाणी चढलं की फ्लोट उचलला जाणार, सतरा नंबरच्या पिनेवर 'हो' येणार, भोंगा वाजणार. साधं काम. आपण दोघांनी मिळून केलेलं पहिलंच, आणि त्या दिवशी आपण एकमेकांशी फारच गोड वागत होतो.

दिवाळीनंतर कडकडीत उन्हात भोंगा वाजला. ओढ्यात गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. तरी वाडी धावली. पोलीस पाटील गालाला अर्धा साबण तसाच घेऊन शाळेत पोचले. सगळे हसले, घरी गेले. आठवड्याने परत वाजला. मग परत. पाचव्यांदा वाजला तेव्हा शाळेत फक्त एक कुत्रं गेलं होतं, हे आत्यांनी फोनवर सांगितलं. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. फोन ठेवून म्हणालात, "माणसं उठायची बंद झाली गो. आता खरंच पाणी आलं तर?" तेवढ्या एका वाक्याने मला कळलं की हा खेळ नाही.

कारण वाडीनेच शोधून काढलं. खांबाकडे जाणारी केबल अंगणावरून चांगली ताणलेली होती, आणि तुमच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आपल्या आत्यांनी, दिवाळीपासून अधूनमधून तिचा वापर लुगडं वाळत घालायला सुरू केला होता. ओलं लुगडं केबलवर पडलं की भोंगा ओरडे. सुकलं की गप्प. झालं! वाडीला करमणूक मिळाली. "आत्येनं धुणं काढलं, चला शाळेत," असं लोक म्हणायला लागले. आत्या तोंडाने कितीही फटकळ असल्या तरी मनाला लावून घेणाऱ्या. त्यांनी लुगडं घरात चुलीवरच्या आढ्याला वाळत घालायला सुरुवात केली. मी गेले तेव्हा म्हणाल्या, "अंगाला धुराचा वास येतो गो. पण लोकांच्या जिवावर उठल्यासारखं व्हतं, मग राव्हंदे."

तुम्ही त्यांना केबलवर काही टाकू नका म्हणून सांगितलंत का? नाही. उलट माझ्यावर घसरलात. "वारं हाय, पाखरं हायत, उद्या वेल चढंल. आज लुगडं नको बोललीस, उद्या वेलाला काय सांगशील?" खरं होतं ते. पाटलांनी मात्र मुदत घातली. पावसाच्या आत काय ते ठरवा, उगाच ओरडणारा भोंगा नसलेला बरा.

इथून आपलं भांडण सुरू झालं, आणि मला ते जसं झालं तसंच लिहायचं आहे, माझ्या बाजूने रंग न लावता. हे मला जड जातंय.

मी म्हटलं, केबलच्या जॉइंटमध्ये पाणी जात असणार. तुम्ही म्हणालात, "माझ्या जॉइंटात? पाणी?" एखाद्या बाईला तिच्या आमटीत झुरळ सापडलं म्हणावं, तसा तुमचा चेहरा झाला. तरी दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडून कापड्याला गेलात, जॉइंट कापलात, नवा मारलात, आणि जुना वर्तमानपत्रात गुंडाळून आणून माझ्या की-बोर्डशेजारी ठेवलात. खोलून बघितला. आत ठणठणीत कोरडा. "वाच आता," म्हणालात. असे तुम्ही तीन जॉइंट आणलेत. तिसऱ्या वेळी माझी व्हिडिओ मीटिंग चालू होती आणि पुण्याच्या सात माणसांनी तो जॉइंट पाहिला.

मी म्हणायचे, "आप्पा, तक्त्यात स्वच्छ लिहिलंय. सतरा नंबर, काही ऐकू आलं नाही तर 'नाही' समज. लिहिलेलं आहे, म्हणजे पिन बांधलेली आहे. प्रश्न बाहेरचाच."

तुम्ही म्हणायचात, "लिवलेलं असतं ते खांबावर असतंच असं नाय. 'लाइन बंद हाय' असं फोनवर ऐकून मी वर चढलो असतो ना, तर तुझं लगीन बघायला उरलो नसतो. टेस्टर लावला का तू?"

"कर्नेलला टेस्टर लावत नाहीत."

"मंग तेच चुकतं."

अडीच महिने. सुहास घरी आला की आधी आपल्या दोघांच्या तोंडाकडे बघायचा आणि मग चपला काढायच्या की नाही ते ठरवायचा. एकदा तर तुम्ही भाजीवाल्याला निवाडा करायला लावलात. तो बिचारा म्हणाला, "दोघंही बरोबर असाल." तुम्ही त्याच्याकडून आठ दिवस कोथिंबीर घेतली नाहीत.

पण या सगळ्यात तुम्ही एक काम शांतपणे करत होतात. एक लांबट वही घेतली होती, आणि तिच्यावर खात्यातल्या तुमच्या जुन्या सेक्शन ऑफिसच्या रजिस्टरसारखे रकाने आखले होते: वेळ, हवामान, तक्रार, काय केलं, आणि शेवटचा, 'दोष कोणाचा'. आठवड्यातून दोनदा कापड्याला जायचात, आत्यांचं लुगडं मागून घ्यायचात आणि लिहायचात. "सकाळ. ऊन. लुगडं वलं. वरडला." "दुपार. ऊन. चादर वली. वरडला, पण बारीक." "लुगडं सुकं. नाय वरडला." "नुसता हात लावला. वरडला. हात धुऊन लावला. जास्त वरडला." शेवटचा रकाना प्रत्येक ओळीत रिकामा. मी एकदा विचारलं, एवढी खात्री आहे तर भरून का टाकत नाही? तेव्हा तुम्ही तुमच्या सेक्शनचा रिवाज सांगितलात. तो रकाना ज्याची चूक असेल त्यानेच आपल्या हाताने भरायचा. दुसऱ्याने भरला की भांडण होतं, आपण भरला की काम पुढे सरकतं. "तो तुझा रकाना हाय," म्हणालात, "मी हात लावायचा नाय." मी म्हटलं, "मग तो कोराच राहणार." किती शहाणी होते मी.

एप्रिलच्या शेवटी तुम्ही जुन्या रेडिओतून एक रेझिस्टर काढलात, कापड्याला नेलात आणि त्याच्याने सतरा नंबरची पिन बाहेरून 'नाही'शी बांधून टाकलीत. मला न विचारता. म्हशीला दावं लावलंत. आणि ओलं लुगडं, ओली चादर, ओला हात, सगळं करून बघितलंत. भोंगा गप्प. फ्लोट उचललात, तेव्हा मात्र ओरडला. म्हणजे वायर चांगली, जॉइंट चांगले, फ्लोट चांगला. पिनच आतून बांधलेली नव्हती, म्हणून केबलला ओलं काही टेकलं की तिला 'हो' ऐकू यायचं. मी महिनोन्महिने छातीठोकपणे सांगत होते की बांधलेली आहे.

दुसऱ्या कोणी तो रेझिस्टर तसाच ठेवला असता आणि विषय मिटवला असता. तुम्ही काढून आणलात! मी ओरडलेच. "अहो, चाललं होतं ना सगळं? काढलात कशाला?"

"चूक तुझ्या घरात, नि ठिगळ माझ्या खांबावर?" असं म्हणून तुम्ही चहात बिस्किट बुडवलंत. मग वेगळ्या आवाजात म्हणालात, "असला बोर्ड आपल्या एकट्याकडंच हाय काय गो? दुसरीकडं कुठं असंल. कुठं भोंगा असंल, कुठं दवाखान्यातलं यंत्र असंल. त्यांच्याकडं कोण रेझिस्टर घेऊन जाणार? तक्ता सुधार. म्हंजे सगळ्यांचाच सुधारतो." मी हेच काम बारा वर्षं करते आहे आणि हे कशासाठी करायचं, ते मला इतक्या सरळ शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हाही मी ते कबूल केलं नाही. "वही ठेवा टेबलावर, बघते," एवढंच म्हणाले.

बुधवारी बघितलं. आप्पा, तक्त्यात सतरा आणि अठरा या दोन ओळींची अदलाबदल झाली होती. सतराला दिलेला हुकूम अठराच्या घरी जात होता. अठरा बिचारी बिनकामाची, ती सतराचं दावं बांधून घेऊन उभी, आणि सतरा उघड्यावर. दहा मिनिटांत सापडलं, कारण पहिल्यांदाच मी ते चुकलेलं असू शकतं असं धरून वाचत होते.

आता अवघड भाग. आमच्याकडे प्रत्येक ओळ कोणी आणि कधी लिहिली, याची नोंद कायमची राहते. ती बघण्याची आज्ञाही आहे, आणि तिच्या नावाचा अर्थच 'दोष द्या' असा होतो. मी ती आज्ञा दिली. पुण्याच्या ऑफिसात सात वर्षांपूर्वी, लग्नाआधीच्या आडनावाने, त्या दोन्ही ओळी मीच लिहिल्या होत्या.

मी खोलीचं दार लावून घेतलं. लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. पण मग तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी कॅलेंडर बघितलं. रविवारी तुमच्या पुतण्याचं लग्न होतं. सगळा गोतावळा पोलादपूरला जमणार होता. तुम्हाला आत्ता सांगितलं, तर अक्षता पडायच्या आधी मांडवात एक माणूस उरणार नाही ज्याला हे माहीत नसेल. वरातीतल्या बॅंडवाल्यालासुद्धा तुम्ही सतरा नंबरची पिन समजावून सांगितली असती. म्हणून ठरवलं, लग्न पार पडू दे, सोमवारी सांगू. पाच दिवसांनी काय बिघडतंय?

शुक्रवारी चहाच्या वेळी तुम्ही विचारलंत, "वाचलीस काय वही?"

मी म्हटलं, "बघते, आप्पा."

"बघ. घाय नाय."

शनिवारी दुपारी तुम्ही आमरस दोन वाट्या घेतलात, तिसरीला मी डोळे वटारले म्हणून अर्धीच घेतलीत, आणि आडवे झालात ते चारला चहाला उठला नाहीत. मी दोन हाका मारल्या. तिसरी मारताना कळलं. मला त्या उरलेल्या अर्ध्या वाटीचंही वाईट वाटतं. पण त्या 'बघते'चं जेवढं वाटतं, तेवढं कशाचंच नाही. तुम्ही बरोबर होता आणि मला ते तीन दिवस माहीत होतं. मी ते माझ्यापाशी दाबून ठेवलं, कारण तुमच्या आनंदाची मला भीती वाटली. अशी कोत्या मनाची सून मिळाली तुम्हाला.

आता पुढचं. तुम्हाला सिनेमाचा शेवट आधी ऐकायची खोड होती, म्हणून आधीच सांगते: दुरुस्ती परवा स्वीकारली गेली. आता मध्ये काय झालं ते ऐका.

तेराव्यानंतर मी तक्त्यातल्या ओळी जागच्या जागी केल्या आणि कर्नेल सांभाळणाऱ्या लोकांकडे पाठवून दिल्या. आमच्यात दुरुस्ती पाठवताना सोबत काय बिघडलं होतं ते लिहायचं, ही दुरुस्ती कोणत्या जुन्या चुकीची आहे ते लिहायचं, आणि बिघाड कोणी कळवला त्याचं नाव द्यायचं. जुनी चूक म्हणून माझंच काम दाखवलं. कळवणारा म्हणून तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, घातलं. पुरावा म्हणून तुमच्या वहीचं इंग्रजी केलं. लुगड्याला शब्द सापडेना, तेव्हा 'नऊ वार लांबीचं ओलं सुती वस्त्र' असं लिहिलं.

हे तपासणारे एक गृहस्थ दूर परदेशात बसतात. तुम्ही त्यांना 'तुझे सेक्शन हापिसर' म्हणायचात, आणि त्यांना लिहिताना वर 'सप्रेम नमस्कार' का घालत नाही म्हणून माझ्यावर चिडायचात. ते कोणालाच नमस्कार घालत नाहीत, तीन शब्दांत उत्तर देतात. या वेळी त्यांनी तीन प्रश्न पाठवले. वस्त्र पूर्ण उलगडलेलं होतं की घडी घातलेलं? कळवणाऱ्या व्यक्तीचा ई-मेल कुठे आहे, पुढे काही बिघडलं तर त्यांना विचारता येईल? आणि दुरुस्ती मूळ जागी, मूळ वस्त्रासह कोणी तपासली आहे का?

पहिल्याचं उत्तर तुमच्या वहीत होतं, "एकपदरी", तेवढं कळवलं. दुसऱ्याचं उत्तर मी चारदा लिहून चारदा खोडलं. शेवटी लिहिलं, ते माझे सासरे होते, गेल्या महिन्यात वारले, त्यांना ई-मेल नव्हता, त्यांनी हे टेस्टर आणि वही घेऊन शोधलं, आणि मी त्यांचं ऐकलं नाही. अर्ध्या दिवसाने उत्तर आलं. त्यात पहिल्यांदाच दोन ओळी जास्त होत्या. "वाईट वाटलं, नाव राहू द्या, पत्ता नको. माझेही वडील इलेक्ट्रिशियन होते, आणि बहुतेक वेळा तेच बरोबर असायचे." खाली परत: "पण तपासलं कोणी?"

म्हणून मी आणि सुहास कापड्याला गेलो. तुमची वही पिशवीत होती. आत्या ओट्यावरच होत्या. वाडीत खबर आधीच पोचली होती. पाटील गुळगुळीत दाढी करून, खात्री नसलेल्या चेहऱ्याने उभे होते. मी पेटी उघडली, नवा कर्नेल घातला, बोर्ड बंद करून चालू केला. भोंगा गप्प. मग मी आत्यांना म्हटलं, "लुगडं आणा."

"नको गो. परत वरडला तर लोक मला गावात ठेवायचे नाय."

"आणा तर. वरडला तर चूक माझी, तुमची नाही."

आत्यांनी घागरभर पाण्यात लुगडं बुडवलं, पिळलं नाही, तसंच निथळतं आणून केबलवर टाकलं आणि डोळे मिटले. सगळी वाडी भोंग्याकडे बघत होती. पाणी अंगणात टपटपत होतं. काही झालं नाही. आत्यांनी एक डोळा उघडला. मग केबल हाताने हलवली. मग दुसरं लुगडं आणलं. मग शेजारणीची चादर. मग वाडीतल्या बायकांनी घरोघरचं ओलं धुणं आणून टाकलं, आणि ती केबल अशी भरली की तुम्ही असतात तर ताण किती पडतोय म्हणून ओरडला असता. भोंगा गप्पच होता. आत्या रडत होत्या आणि रडता रडता चिमटे लावत होत्या.

शेवटची परीक्षा राहिली. सुहास ओढ्यात उतरला आणि त्याने फ्लोट हाताने वर उचलला. भोंगा खणखणीत वाजला. ही नुसती परीक्षा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आत्यांनी पदर खोचला आणि शाळेच्या वाटेला लागल्या. मी म्हटलं, "आत्या, अहो, आपणच वाजवलाय!" त्या न थांबता म्हणाल्या, "वरडला ना? मंग जायाचं." पाटील क्षणभर घुटमळले, आणि त्यांच्यामागे निघाले. मग सगळी वाडी निघाली. कुत्रंही होतं. आप्पा, माणसं परत उठली. तुम्हाला हे बघायला मिळायला हवं होतं, आणि ते मिळालं नाही याला मी कारण आहे.

शाळेच्या पडवीत सगळे दम खात बसले होते. तपासणाऱ्याचं नाव म्हणून मी आत्यांचं घालणार असं सांगितलं, तर म्हणाल्या, "मी काय केलं? धुणं वाळत घातलं." मी म्हटलं, तेच. मग मी पिशवीतून तुमची वही काढली आणि मांडीवर ठेवून तुमच्यासारखी एक ओळ लिहिली. दुपार. ऊन. लुगडं वलं. नाय वरडला. पाणी चढलं, वरडला. आणि मग शेवटच्या रकान्याशी आले. वरपर्यंत सगळा कोरा. तुम्ही एकदाही पेन टेकवलं नव्हतं. इतक्या सगळ्या ओळींत, इतक्या भांडणांत, एकदाही नाही. मी लिहिलं.

आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिवलंस गो?"

मी खालच्या आवाजात वाचलं. "दोष सुनेचा. आप्पांची वायर चांगली."

"असं तोंडातल्या तोंडात काय बोलतेस? त्याला डाव्या कानानं ऐकायला यायचं नाय, ठाव हाय ना?"

मग मी उभी राहिले, ओढ्याकडे तोंड केलं, आणि अख्ख्या वाडीसमोर, पाटलांसमोर, माझ्या नवऱ्यासमोर, होता नव्हता तेवढा आवाज काढून परत वाचलं.